‘नाही’वरचं तिसरं प्रकरण

अकरावीला तर्कशास्त्र हा विषय मी गणित चुकवायला घेतला. खारबावच्या पलीकडच्या आमच्या गावातून त्या वर्षी आम्ही तिघी मुली भिवंडीच्या कॉलेजात जायला लागलो होतो आणि तिघींनीही हाच मार्ग धरला होता. बाकीच्या दोघी बारावीनंतर सुटल्या. मी त्यात अडकले ती निवृत्त होईपर्यंत.

तर्कशास्त्र शिकवायला जे सर होते ते भिवंडीतल्याच निजामपुऱ्यातल्या कोकणी मुसलमान घरातले. तिशीच्या आसपासचे, उंच, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंही वहीत उतरवून घेत असावीत. घरात खालच्या मजल्यावर लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, त्या खडखडाटात वाढलेला माणूस हळू बोलायला शिकतच नाही, हे मला नंतर कळलं. पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर डस्टर ठेवला, सगळ्यांना नीट बघायला सांगितलं आणि मग तो उचलून खिशात टाकला. मी पहिल्या बाकावर होते. मला विचारलं, टेबलावर काय नाही? मी म्हटलं, डस्टर नाही.

“हत्ती आहे का?”

वर्ग हसला.

“मग हत्ती नाही, असं का नाही सांगितलंस?”

दुसऱ्या दिवशी मी विचार करून गेले आणि सांगितलं, हत्ती आधीही नव्हता म्हणून. ते म्हणाले, समज, तू आत्ताच वर्गात आलीस, डस्टर तू आधी पाहिलेलाच नाही, आणि मी तुला फळा पुसायला सांगितला. तेव्हाही तुला डस्टर नाही हे लगेच दिसेल, हत्ती नाही हे दिसणार नाही. जा, अजून विचार कर. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, कारण मी डस्टर शोधत असेन, हत्ती शोधत नसेन. ते थांबले. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, “म्हणजे ते ‘नाही’ टेबलावर आहे, की तुझ्या शोधण्यात?”

माझं सगळं संशोधन या एका प्रश्नावर झालं. पदव्या मिळाल्या, परदेशी नियतकालिकांत निबंध आले, परिषदांना बोलावणी आली, पण मुळात मी त्या टेबलापाशीच उभी होते. एखादी वस्तू नाही, हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं की दुसऱ्याच कुठल्या रीतीनं कळतं, यावर आपल्याकडच्या जुन्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी शतकानुशतकं भांडण केलं आहे. पीएचडीचा विषय तोच घेतला. आईनं एकदा विचारलं, नक्की कशाचा अभ्यास करतेस. मी माझ्या परीनं सोपं करून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबवून म्हणाली, “जे न्हाय त्याचा अभ्यास? मंग जे हाय त्याचा कोन करील?”

पीएचडी पुरी होता होता सरांच्याच विभागात जागा निघाली आणि मी भिवंडीला शिकवायला आले. बारा वर्षं तिथे होते. विभागात आम्ही दोघंच. विद्यार्थी कसले कसले यायचे, कुणी राहनाळच्या गोदामात शिफ्ट करून आलेला, कुणी भावाच्या लूमवर सुताची तुटलेली तार जोडून आलेला. त्यांना न्यायवाक्य शिकवताना सर हमाली, डिझेल, वीज, लग्न असल्या गोष्टींची उदाहरणं द्यायचे आणि मुलं पुढे सरकून बसायची. मला ते कधी तितकं जमलं नाही. मी तयारी करून जायची, टिपणं काढून जायची. सर खडू घेऊन जायचे.

शुक्रवारी दुपारनंतर आम्हाला तास नसत. सरांच्या घरचे लूमही शुक्रवारी बंद असत. नमाज आटोपून ते घरी आले की मी जायची. वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती, रस्त्याकडे दोन खिडक्या. आठवडाभर थरथरणारी ती जमीन त्या दिवशी शांत असे. भाभी, म्हणजे सरांची बायको, दाराशी पाट टाकून काहीतरी करत बसलेल्या असायच्या. कधी बोंबील साफ करत, कधी मुलांचे कपडे शिवत. त्या आमच्यात बोलायच्या नाहीत. चहा द्यायच्या, आवाज फारच वाढला तर एकदा वर बघायच्या.

आवाज वाढायचाच. माझं म्हणणं होतं, डस्टर नसणं हे टेबलावर आहे आणि ते मला दिसतं. सर म्हणायचे, टेबलावर फक्त टेबल आहे, ‘नाही’ तू बरोबर घेऊन आलीस. हे मी दोन ओळींत सांगते आहे, पण बारा वर्षांत हा वाद कुठून कुठून फिरून आला ते सांगायला दुसरा जन्म लागेल. मला वाक्य पुरं करू देणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी अर्ध्यात आले की हात वर करून म्हणायचे, “थांब. हे परत सांग.” आणि परत सांगताना मला माझ्याच वाक्यातली भेग दिसायची. कितीदा मी चिडून घरी गेले. आणि दर शुक्रवारी परत गेले.

त्यातून एक पुस्तक लिहायचं ठरलं. मराठीत, लहानसं, कुणालाही वाचता येईल असं, ‘नाही’ या एका शब्दावर. दोन प्रकरणं झाली. पहिलं सरांच्या बोलण्यासारखं सरळ, दुसरं माझ्या टिपणांसारखं नेटकं, दोन्हींवर दोघांनी हात फिरवलेला. तिसऱ्या प्रकरणात मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं आणि तिथे गाडी अडली. शेवटी सर म्हणाले, उत्तर नको, आपला वादच जसाच्या तसा लिहू, तुझी बाजू, माझी बाजू. मला ते फार आवडलं. मग प्रकरणातलं शेवटचं वाक्य कोणाचं, यावर दोन शुक्रवार गेले.

तेवढ्यात घाटावरच्या एका विद्यापीठात माझी निवड झाली. मी जावं की नाही या विचारात महिनाभर होते. सरांनीच मला ढकललं. म्हणाले, “जा. इथे तुझ्याशी वाद घालायला मी एकटा आहे. तिथे दहा मिळतील.”

दहा मिळाले नाहीत. चांगली माणसं भेटली, काही फार हुशार विद्यार्थी भेटले, त्यांतले दोघे आज माझ्याहून चांगलं लिहितात. पण वाद घालायला कुणाला वेळ नव्हता. मी विभागप्रमुख झाले, मग अधिष्ठाता, शेवटची काही वर्षं प्र-कुलगुरू. ही पदं माझ्यावर कुणी लादली असं म्हणणं खोटं होईल. मला ती कामं जमत होती. परीक्षेचे निकाल वेळेवर लागले, मुलींच्या वसतिगृहाचं रखडलेलं बांधकाम पुरं झालं, ग्रंथालय रविवारी उघडं राहायला लागलं. खोलीत शिरले की लोक उभे राहायचे, आणि हे मला आवडत नव्हतं असंही नाही. सकाळी आठचा एम.ए.चा तास मी बरीच वर्षं धरून ठेवला होता. आधी तो आठवड्यातून एकदा झाला, मग कधीतरी झाला, मग वेळापत्रकातून माझं नाव गेलं आणि ते मला महिन्याभरानं कळलं.

एक गोष्ट मात्र मी कधी कुणाशी बोलले नाही. त्या सगळ्या काळात मी बोलायला लागले की शेवटपर्यंत बोलू शकायची. कुणी थांबवायचं नाही. बैठकीत अर्ध्या वाक्यावर मी स्वतःच थांबायची, समोर बघायची. सगळे मान हलवत असायचे. अशा वेळी मला ती वरची खोली इतकी हवीशी व्हायची की पुढचा मुद्दाच सुचेनासा व्हायचा.

सर शुक्रवारी फोन करायचे. सुरुवातीची वर्षं मी घ्यायची, तास तास बोलायचो. मग मी बैठकीत असायची. शिपाई चिठ्ठी ठेवायचा, भिवंडीच्या सरांचा फोन होता. मी रविवारी उलट करायची, कधी विसरायची. सर निवृत्त झाले तेव्हा मला कार्यक्रमाला जाता आलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, कमी विद्यार्थी असलेल्या विषयांचं काय करायचं हे ठरवण्यासाठी राज्य सरकारनं नेमलेल्या एका समितीची मी अध्यक्ष होते. तत्त्वज्ञानाचे छोटे छोटे विभाग कसेबसे तगले होते. मी त्यांच्या बाजूनं बोलले, पण जपून बोलले. आपल्याच विषयाची बाजू घेते असं कुणी म्हणू नये, याची मला जास्त काळजी होती. शिफारस झाली, ठराविक संख्येखालचे विभाग दुसऱ्या विषयांत विलीन करावेत. खाली माझी सही. पुढच्या जूनमध्ये आमच्या भिवंडीच्या कॉलेजातलं पदवीचं तत्त्वज्ञान बंद झालं. अकरावीचं तर्कशास्त्र तेवढं राहिलं.

त्याच सुमाराला सरांचे फोन थांबले.

मी वाट पाहिली. एक शुक्रवार, दुसरा शुक्रवार. मग मी समजून बसले, की ते रागावले आहेत. आणि राग बरोबरच होता, म्हणून मी फोन करायचं धाडस केलं नाही. आज करू, उद्या करू करत सात वर्षं गेली. काही नसण्यावरून माणूस काय काय ओळखतो यावर जिनं आयुष्यभर लिहिलं, तिनं एका न आलेल्या फोनवरून एवढा मोठा निष्कर्ष काढला आणि तो एकदाही तपासला नाही.

निवृत्त झाल्यावर मी परत आले. लग्न केलं नव्हतं, भावाचं घर गावात होतं, पण मी भिवंडीत कल्याण नाक्याकडे लहानसा फ्लॅट घेतला. गावी आमच्या भातशेतीवर आता गोदाम उभं आहे, भाऊ म्हणतो, बघायला ये. मी एकदा जाऊन आले. निजामपुऱ्यात जायला मात्र महिना लावला. कपाटातून ती दोन प्रकरणं काढली, परत ठेवली. शेवटी एका शुक्रवारी दुपारी गेले.

दार भाभींनी उघडलं. केस सगळे पांढरे, बाकी त्याच. मला बघून त्यांनी माझा हात धरला आणि जिन्यानं वर नेलं. सर खिडकीपाशी बसले होते. खूप वाळले होते. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की रागाचा माझा सगळा अंदाज तिथेच ढासळायला हवा होता. पण मी मनात पाठ करून आले होते. बसल्या बसल्या मी बोलायला लागले. समिती, शिफारस, मी काय करायला हवं होतं, काय केलं नाही. बराच वेळ बोलले. सरांनी एकदाही थांबवलं नाही. मला वाटलं, हीच शिक्षा आहे.

माझं संपल्यावर त्यांनी बाजूची शाळेची वही आणि पेन माझ्यासमोर सरकवलं.

“लिही,” ते म्हणाले, त्याच मोठ्या आवाजात. “मला काही ऐकू येत नाही. कारखान्यानं कान नेले.”

मी भाभींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. सात-आठ वर्षं झाली, म्हणाल्या. आधी फोनवरचं ऐकू येईना, मग समोरचंही. कानाला मशीन लावून पाहिलं, त्यात नुसती घरघर. “मी किती येला बोलले, पोरीला मी फोन लावते. नको बोलले. तिला कशाला सांगायचं बोलले.”

मी पेन हातात घेतलं. एवढं सगळं बोलले होते, लिहायला एकच वाक्य राहिलं. कॉलेजातला विभाग माझ्या सहीनं बंद झाला. सरांनी वही लांब धरून वाचलं.

“ते मला ठाऊक आहे. चूक केलीस,” ते म्हणाले. “पण म्हणून मी बोलणं टाकीन, असं वाटलं तुला?”

मग मी लिहिलं, तुम्ही पत्र तरी लिहायचं. ते हसले. भाभींना खूण केली. भाभींनी कपाटातून एक पाकीट आणून दिलं. माझ्या विद्यापीठाच्या नावाचं. आत छापील मजकूर होता, आपले पत्र प्राप्त झाले, सदर पत्र पुढील कार्यवाहीसाठी प्रकाशन विभागाकडे पाठविण्यात आले आहे. खाली सही माझी होती.

सरांनी तिसऱ्या प्रकरणाविषयी चार पानी पत्र लिहिलं होतं. ते आवक विभागात गेलं, तिथून कुणीतरी त्याला क्रमांक दिला, आणि रोज पुढ्यात येणाऱ्या पन्नास कागदांत मी त्याच्या पोचपावतीवर सही केली. मूळ पत्र माझ्यापर्यंत आलंच नाही. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं नाही. “म्हटलं, कामात असेल,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला असावीशी वाटत होती.

त्या दिवसापासून शुक्रवार परत सुरू झाला. सर बोलायचे, मी वहीत लिहायची, ते वाचून पुन्हा बोलायचे. तीच खोली, तोच प्रश्न. पण तो वाद आता तसा नव्हता. मी लिहीत असताना ते माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत गप्प बसायचे. या माणसाला वाट बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी वाक्य पुरं करायची, खाडाखोड करून नीट करायची, मगच वही पुढे करायची. त्यांनी अर्ध्यात हात वर करावा म्हणून मी मुद्दाम हळू लिहून पाहिलं. एकदा अर्धं वाक्य लिहून वही तशीच सरकवली. त्यांनी वाचलं आणि परत दिली. म्हणाले, “पुरं कर.” मी घरी जाऊन रडले.

तरी काम पुढे जात होतं. सरांची बुद्धी लखलखीत होती. शेतावरच्या गोदामाचं मी सहज लिहिलं, तर ते म्हणाले, तुझ्या भावाला तिथे गोदाम दिसतं, तुला भात नसलेलं दिसतं, ट्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरला भात नसलेलं दिसेल का? दिसणार नाही. मग ते भात नसणं जमिनीवर कसं? मी चार पानं उत्तर लिहिलं. त्यांनी ते वाचून खाली ठेवलं आणि डोळे मिटून बराच वेळ बसले. दमले होते. वर्षभरात अशा सहा वह्या भरल्या. तिसऱ्या प्रकरणाचं सगळं साहित्य तयार आहे, आता रमजाननंतर मांडणी करू, असं ठरलं.

रमजानच्या आठवडाभर आधी सर गेले. सकाळी चहा घेतला, खिडकीपाशी बसले आणि तिथेच. मी पोचले तेव्हा खाली गल्लीतले कारखाने बंद करून लोक उभे होते. त्यांत पांढऱ्या मिशांचे दोघे तिघे होते, ते त्यांचे विद्यार्थी. एक जण मला म्हणाला, मॅडम, तुम्ही पण आम्हाला होतात. मला तो आठवला नाही.

दोन महिन्यांनी मी वह्या घेऊन बसले. सहाही वह्या उघडल्या आणि मग माझ्या लक्षात आलं. त्यांत सगळं माझं होतं. सर बोलत होते. लिहीत मीच होते. पानापानांवर माझी उत्तरं, ‘नाही, ते तसं नाही’, ‘हे तुम्ही मागच्या खेपेला उलटं म्हणाला होतात’, ‘ड्रायव्हरचं उदाहरण चालणार नाही’. त्यांचं एक वाक्यही कागदावर नव्हतं.

मी वह्या पिशवीत घालून भाभींकडे गेले, काही ठरवून नाही. शुक्रवार होता आणि दुसरीकडे कुठे जावं ते सुचत नव्हतं. भाभी उर्दू शाळेत शिकलेल्या, मराठी अक्षर त्यांना लागत नाही. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, वाच बघू. मी एक वाक्य वाचलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं, दाराच्या चौकटीला पाठ टेकली आणि म्हणाल्या, हां, हे तू बोललीस तेव्हा ते तुला विहिरीचं बोलले होते. आणि त्यांनी ते सांगितलं, सरांच्याच उदाहरणासकट, त्यांच्याच क्रमानं. दाराशी बसून इतकी वर्षं त्या ऐकत होत्या.

तेव्हापासून आम्ही दोघी बसतो. मी माझं वाचते, भाभी सरांचं सांगतात, मी लिहून घेते. कधी म्हणतात, हे ते बोलले, पण मला काय ते पटलं नव्हतं, आणि मग स्वतःचं सांगतात. तेही मी लिहून घेते. पुष्कळ ठिकाणी त्यांना आठवत नाही, मलाही नाही. ती जागा मी कोरी सोडते. अर्ध्याहून जास्त पानं तशीच आहेत.

मागच्या शुक्रवारी चौथ्या वहीत एक पान निघालं. त्यावर माझ्या अक्षरात एवढंच आहे, ‘हे मला पटलं. तुमचं बरोबर आहे, सर.’ इतक्या वर्षांत मी असं त्यांना कधी तोंडानं म्हटलेलं नाही. खाली तारीख नाही, मागचं पुढचं काही नाही. मी भाभींना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून खूप आठवून पाहिलं.

“ते हसले होते,” त्या म्हणाल्या. “येवढं आठवतं. काय बोलले होते ते न्हाय आठवत.”

मलाही आठवत नाही.